थर्माकोलचं पँथिऑन

माझी जीभ म्हणजे कात्री, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. सौदीतल्या तबूकच्या हॉस्पिटलात मी नर्स आहे, भल्याभल्या डॉक्टरांना तोंडावर सुनावते. त्याच तोंडाने गेल्या महिन्यात माती खाल्ली.

लेकीच्या शाळेत प्रदर्शन होतं. ती आणि वरच्या मजल्यावरची तिची मैत्रीण, माझ्याच वॉर्डातल्या केरळी ख्रिश्चन नर्सची मुलगी, दोघी मिळून आमच्या टेबलावर रोमचं पँथिऑन करत होत्या. मूळचं रोमन देवांचं देऊळ, पुढे त्याचं चर्च झालं, म्हणून तर ते अजून उभं आहे, हे लेकीने मला ऐकवून ऐकवून पाठ करायला लावलं होतं. थर्माकोलचा घुमट, त्याला वर गोल भोक, पुढे खडूंचे खांब. आत वेदीवर ठेवायला मैत्रिणीने आगकाड्यांचा इवलासा क्रूस केला होता. दोघींचा सगळा जीव त्यात अडकलेला.

तेवढ्यात बेल वाजली. घरमालक आले होते, एसी बघायला. बेल वाजली की आधी देवांच्या कपाटाचं दार लोटायचं, ही आमची जुनी सवय. आता इथे पूर्वीसारखं कडक राहिलं नाही म्हणतात, पण हात आपोआप तिकडे जातो.

म्हातारा भला माणूस. एसी बघून झाल्यावर टेबलापाशी थांबले, घुमटाकडे कौतुकाने बघत म्हणाले, "मस्जिद?"

लेक सांगायला तोंड उघडतेय, तोवर मी "ऐवा, ऐवा, मस्जिद!" असं अरबीत हो-हो म्हणून मोकळी झाले.

"माशाल्ला!" म्हणत त्यांनी दोघींना शाबासकी दिली आणि गेले. मैत्रिणीने क्रूस केव्हाच मुठीत लपवला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय म्हणावं या बाईला! पोरींनी इतक्या हौसेने केलेलं चर्च, आणि मी उभ्या उभ्या त्याची मशीद करून टाकली, तीसुद्धा घाबरून. लाज वाटली, फार लाज वाटली. "सॉरी बेटा," मी मैत्रिणीला म्हटलं.

"कोई बात नहीं, आंटी," ती म्हणाली. "मम्मी भी यही बोलती." तिने मूठ उघडली. क्रूसाची एक काडी मोडली होती.

लेक माझ्याकडे बघेना. एरवी मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी पोर, आगपेटीतून नवी काडी काढत मराठीत म्हणाली, "आई, त्यांनी नुसतं विचारलं होतं गं."