अक्काचा रविवार

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी माल तपासायचं काम करतो. आठवड्याचे सहा दिवस उभ्याने जातात. उरतो तो रविवार, आणि त्या रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला माझी थोरली बहीण यायची.

अक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायच्या मशीनवर बसते. तिलाही सुट्टी रविवारचीच. आली की चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात शिरायची, डबे पुसायची, भाकरी थापायची, आणि आठवडाभराचं सगळं बोलत राहायची. संध्याकाळी ती गेली की मला वाटायचं, सुट्टी संपली आणि मी तर बसलोसुद्धा नाही. सोमवारी सकाळी पाय जड व्हायचे.

त्या दिवसांत मी फोनवर सुट्टी कशी घालवावी याबद्दल काहीबाही वाचायचो. शनिवारीच कामं उरका, रविवार मोकळा ठेवा, कुणाला बोलावू नका. कामं मी शनिवारी उरकायला लागलो. राहिली अक्का. एका संध्याकाळी तिला फोन करून सांगितलं, "अक्का, आता रविवारीपण ड्युटी लावलीय. काही महिने चालेल असं."

"आरं देवा," ती म्हणाली. "मग झोपायचं कवा तू?"

बायको शेजारीच उभी होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा. त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही." पण अक्काने तिला कधी विचारलंच नाही.

पुढचे तीन रविवार फार छान गेले. हे लिहायला नको वाटतं, पण खरं तेच आहे. मी नऊपर्यंत झोपलो. बायकोबरोबर सावकाश चहा प्यायलो. संध्याकाळी दोघं सिद्धेश्वर तलावावर फिरून आलो. सोमवारी कामावर मी शीळ घालत जात होतो. अक्काची आठवण आलीच तर मी ती बाजूला सारायचो.

चौथ्या सोमवारी कारखान्याच्या गेटवर वॉचमनने मला थांबवलं. त्याच्या हातात कापडी पिशवी होती.

"तुमच्या भनीनं दिलीया. काल दुपारी आलत्या."

मी पिशवी हातात घेतली. "तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगनार? रविवारी कंपनी बंद आसती की, म्हनलं. तर म्हनल्या, आता रविवारीबी कामावर आसतो माझा भाऊ, बघा की आत. मी दोनदा सांगितलं, आत कुनीबी न्हाय. मग त्या झाडाखाली बसल्या थोडा येळ. पानी दिलं मी. जाताना म्हनल्या, माझीच चूक झाली, वार चुकला."

पिशवीत कडक भाकरी होत्या, शेंगांची चटणी होती आणि डब्यात भरल्या वांग्याची भाजी. भाजी आंबली होती. अक्कलकोट रोडहून चिंचोळी म्हणजे शहराचं दुसरं टोक. दोन गाड्या बदलून, भर उन्हात ती डबा घेऊन आली होती. कँटीनच्या मागे जाऊन मी ती भाजी टाकली आणि डबा घासला. तो घासताना कुणी बघू नये असं वाटत होतं.

आठवडाभर मी तिला फोन केला नाही. तिचाही आला नाही. शनिवारी बायको एवढंच म्हणाली, "उद्या जा."

गेलो तेव्हा अकरा वाजले होते. दाजी दारातच पेपर वाचत बसले होते. "या पाव्हणं," ते हळू आवाजात म्हणाले. "झोपलीया ती."

अक्काला दिवसा झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जमिनीवर चटई टाकून ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

"अलीकडं रविवारी झोपती," दाजी म्हणाले. "आदी तुमच्याकडं यायचं म्हनून पाचला उठायची. मी म्हनायचो, एखादा रविवार ऱ्हाऊ दे. तर म्हनायची, आई गेल्यावर त्यानंच सांगितलंय, अक्का, रविवारी घर खायला उठतं, तू येत जा."

मीच सांगितलं होतं. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. मी साफ विसरलो होतो आणि ती त्यासाठी इतकी वर्षं सुट्टी मोडत होती.

आमच्या बोलण्याने ती जागी झाली. "कवा आलास? उठवायचं न्हाय व्हय?"

"अक्का, तो डबा..."

"भाजी आंबली आसंल." तिने केस बांधले. "दमतोस म्हनून सांगायचं की मला. मी काय रागावले आसते? मला बी झोपायला मिळालं आसतं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ती चहा ठेवायला उठून गेली होती. चहा पिऊन मी परत आलो. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

आता ती महिन्यातून एखाद्या रविवारी येते, आधी फोन करून, जेवणं झाल्यावर. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसते. बायको म्हणते, "आत या ना अक्का," तर म्हणते, "नगं, मी हितंच बरी." पाच वाजले की उठते.

"बस की अजून," मी म्हणतो.

"आराम कर," ती म्हणते. "उद्या कामावर जायचंय तुला." आणि वाकून चप्पल घालते.