एकोणीस डबे

त्या घरात वास घेणारं नाक एकच होतं, आणि ऑक्टोबरातल्या तापात ते बंद पडलं. ताप पाच दिवसांत उतरला. वास काही परत आला नाही. मावशीने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही.

तिला सगळे मावशीच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. नवरा लाकडी सामानाला पॉलिश करायचा. चाळीस वर्षं स्पिरिट आणि लाखेत काढल्यामुळे त्याच्या नाकाने केव्हाच राजीनामा दिला होता. दूध नासलं, गॅसचं बटण चालू राहिलं, कपाटामागे उंदीर मेला, सगळं आधी मावशीला कळायचं. "हिच्या नाकाला पेन्शन द्यायला हवी," असं तो पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा.

मावशी नाताळचे केक भाजायची तेसुद्धा नाकानेच. ओव्हनमध्ये भांडं सरकवलं की बाहेरच्या खोलीत विणकाम घेऊन बसायची. वास दारातून निघून खुर्चीपर्यंत पोचला की उठायची. घड्याळाकडे तिने कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. या वर्षी मात्र तिने गजराचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यामागे दडवलं होतं, आणि घंटेचा दबका आवाज आला की ती मुद्दाम दोनदा जोरात श्वास ओढून म्हणायची, "झाला वाटतं."

सांगितलं का नाही? लेकीमुळे. दोन गल्ल्या सोडून राहणारी लेक गेल्या नाताळातच म्हणाली होती, "आई, पुरे आता. कंबर धरून बसतेस नंतर. पुढच्या वर्षी बेकरीतून आणू." मावशी त्या वेळी हसली होती, पण ते बोलणं तिच्या मनात रुतून बसलं. एकोणीस घरांत तिचा डबा जायचा. बहीण, भाचे, जावयाचे आईवडील, शेजारची शिंपीण, पोस्टमन, दातांचे डॉक्टर. वर्षभर तिला कोण विचारत होतं? डिसेंबरात मात्र सगळ्यांना मावशी आठवायची. वास गेला हे कळलं असतं तर लेकीने त्याच दिवशी ओव्हनवर चादर टाकली असती.

केक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाजून व्हायचे. मग दर रविवारी मावशी विणायच्या सुईने प्रत्येकाला भोकं पाडायची आणि दोन-दोन चमचे रम ओतायची. याला घरात 'केकला पाजणं' म्हणत. रमची बाटली वरच्या फळीवर असायची. रिकामी झाली की ती नवरा न्यायचा, कारण काच जाड आणि झाकण घट्ट. तिच्यात तो लाख विरघळवलेलं स्पिरिट भरून खालच्या कपाटात ठेवायचा. लेबल तेच, रंगही तोच, तांबूस तपकिरी. इतक्या वर्षांत चिठ्ठी चिकटवायची गरज कुणाला पडली नव्हती. झाकण उघडलं की मावशीला कळायचंच.

या वर्षी बेसिनखालचा पाइप गळला. खालच्या कपाटात पाणी शिरलं. नवऱ्याने आपल्या बाटल्या उचलून वरच्या फळीवर, तिच्या बाटलीशेजारी ठेवल्या आणि तो कामाला गेला.

पहिल्या रविवारी मावशीची बाटली संपली. दुसऱ्या रविवारी तिने शेजारची घेतली.

डबे बांधायला शिंपीण आली होती. ती दरवर्षी फितीचे तुकडे घेऊन यायची. पहिल्याच केकवरचा कागद उलगडून ती म्हणाली, "मावशी, अहो, काय तेज आलंय या वर्षी. तोंड दिसतंय त्यात."

"साखर चांगली मिळाली," मावशी म्हणाली. केकवर खरोखरच काचेसारखा पातळ थर चढला होता. तिने बोट फिरवलं. बोट घसरलं.

"आणि पाजलंयही सढळ हाताने. डोक्यात जातोय वास."

मावशीच्या जिवात जीव आला. वास चांगला येतोय ना, मग झालं. गेले दोन महिने ती अशीच दुसऱ्यांच्या नाकावर जगत होती. "येऊ दे," ती म्हणाली. "वर्षातून एकदाच तर येतो."

"माझे हे डबा उघडतील आजच."

"खबरदार. पंचवीस तारखेच्या जेवणाआधी झाकण उघडायचं नाही. नियम म्हणजे नियम."

हा नियम एकोणीसही घरांना पाठ होता. बावीस तारखेपर्यंत सगळे डबे पोचले.

चोवीस तारखेला दुपारी नवरा स्वयंपाकघरात आला आणि फळीसमोर उभा राहिला. "अगं, माझं पॉलिश सांडलंस का?"

"मी कशाला हात लावू तुमच्या पॉलिशला?"

"मग ही बाटली अर्ध्याच्या खाली कशी आली?"

मावशीने पाहिलं. तिने त्याच्या हातातली बाटली घेतली, बशीत चमचाभर ओतलं आणि काडी पेटवली. ते निळ्या ज्योतीने भडकलं. रमही पेटली असती; पण विझल्यावर बशीला तपकिरी, चिकट पापुद्रा धरून राहिला. तिने तो नखाने खरवडला. केकवरचं तेज तेच होतं.

"हे पोटात गेलं तर काय होतं?" तिने विचारलं.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "आमच्या कारखान्यात एकाने प्यायलं होतं," तो म्हणाला. "डोळे गेले त्याचे."

तिने फोन घेतला. पहिला बहिणीला. खरं सांगायचं धाडस अजून होत नव्हतं. "केक खाऊ नका गं. आतून कच्चा राहिलाय."

"कच्चा राहिला तर काय झालं? तव्यावर परतून खाऊ. तुझ्या हातचं टाकवत नाही, बाई."

"टाक म्हणते ना मी."

"उगाच नखरे. दरवर्षी तुला काहीतरी खोट दिसतेच."

मावशीने डोळे मिटले. "मला वास येत नाही," ती म्हणाली. "ऑक्टोबरपासून. रम समजून ह्यांचं पॉलिश ओतलंय मी. विष आहे ते."

पलीकडून डबा तसाच केरात पडल्याचा धप्प आवाज आला.

एकदा तोंडून निघाल्यावर पुढचे फोन भराभर झाले. शिंपिणीचा डबा नवरा धावत जाऊन घेऊन आला. दातांच्या डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले आणि कुणी खाल्लं असेल तर थेट हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. सतरा घरांत झाकण उघडलेलं नव्हतं. नियम कामी आला. पोस्टमनच्या बायकोने उघडलं होतं, पण कापलं नव्हतं.

लेक फोन उचलत नव्हती.

दोन गल्ल्या मावशी घरातल्या चपलांवरच चालत गेली. दार नातीने उघडलं. टेबलावर डबा, सुरी, दोन बश्या. केकच्या कापलेल्या कडा तेवढ्या मऊ दिसत होत्या. वरचा थर उन्हात आरशासारखा चमकत होता.

"कोणी खाल्ला?"

"मी नाही खाल्ला, आजी," नात म्हणाली. "त्याला आजोबांच्या कपड्यांसारखा वास येतो. आई म्हणाली, असं बोलायचं नाही, आजीला वाईट वाटेल. मग माझा तुकडा बाबांनी खाल्ला. त्यांचापण."

"बाबा कुठे?"

"झोपलेत. डोकं दुखतंय. आई गोळी आणायला गेलीय."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी बाटली मागितली, उघडून हुंगली आणि मान मागे घेतली. "इतका उग्र वास. ओतताना आला नाही?"

लेक आईकडे पाहत होती. नवराही. मावशीने फोनवर एवढ्यांना सांगितलेलं पुन्हा सांगितलं. नवरा हळूच म्हणाला, "मला तरी सांगायचंस."

"तुम्ही बाटल्या हलवल्यात, ते सांगितलंत?"

लेक एवढंच म्हणाली, "माझ्यामुळे लपवलंस ना?"

जावयाला सलाइन लावलं. औषध चालू झालं. "आत्ता तरी ठीक आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण याचा परिणाम उशिरा दिसतो. नजरेवर लक्ष ठेवा. धूसर दिसतंय म्हणाले तर लगेच हाक मारा."

मावशी खाटेजवळ स्टूल ओढून बसली. जावई स्वभावाने गोड. "आई, एवढं काय त्यात," तो म्हणाला. "आतून छान पॉलिश झालंय माझं."

दर अर्ध्या तासाने मावशी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्याला वाचायला लावत होती. डिसेंबर. चोवीस. खाली औषधाच्या दुकानाचं नाव, त्याखाली बारीक अक्षरांत पत्ता. पहिल्या वेळी त्याने धडाधड वाचलं. दुसऱ्या वेळी कंटाळून. तिसऱ्या वेळी पत्त्यापाशी थोडा थांबला, पण वाचला. खिडकीबाहेर अंधारून आलं, तशी लेकीने ट्यूब लावली. खोलीभर पांढरा लख्ख उजेड पडला.

"वाचा," मावशी म्हणाली.

त्याने डोळे बारीक केले. उशीवरून मान उचलली, पुन्हा ठेवली.

"आई," तो म्हणाला, "जरा दिवा लावता का?"

मावशी स्टुलावरून उठली आणि नर्सच्या टेबलाकडे चालू लागली.