डब्यातल्या गारा

पद्मा राजवाडे मुळात वाईट बाई नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे वाचताना तसं वाटण्याची दाट शक्यता आहे. ती जळते, एवढंच. लहानपणी थोरल्या बहिणीच्या, देवयानीच्या, लांब केसांवर जळायची. डी.एड.ला पहिल्या आलेल्या मुलीवर जळायची. आणि आता वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, सात समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात येऊन, चोवीस वर्षांच्या एका पोरीवर जळत होती. ‘मत्सर’ हा शब्द तिला स्वतःसाठी फार मोठा वाटे. ती नवऱ्याला सांगे, “मला मेली ॲसिडिटी होते.” होत होती खरी, पण ती पोरगी, चिन्मयी, समोर आली की मगच.

पुण्यात पद्माने सोळा वर्षं मुलींच्या शाळेत चौथीला शिकवलं होतं. मग नवऱ्याला, निमिषला, मेलबर्नमध्ये इंजिनीअरची नोकरी लागली आणि बिऱ्हाड तिथल्या क्रेगीबर्न उपनगरात आलं. इथे तिच्या सोळा वर्षांना कुणी हिंग लावून विचारीना. इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली, पांढऱ्या केसांना मेंदी लावून पुन्हा युनीत, म्हणजे विद्यापीठात, जाऊन बसली, मग दोन वर्षं रिलीफ टीचर, म्हणजे बदली शिक्षिका, म्हणून रोज सकाळी सहा वाजता फोन वाजण्याची वाट बघितली. शेवटी मॅसिडनच्या डोंगराखाली एका चार वर्गांच्या चिमुकल्या शाळेत तिसरीचा वर्ग मिळाला. रोज चाळीस मिनिटं गाडी हाकायची, मागच्या सीटवर शाल्मली, आता सात वर्षांची. लेक त्याच शाळेत, यंदा पहिलीत. पद्माला वाटलं, सुटले एकदाची. दोन वर्षं सुखात गेली.

यंदा पहिलीला चिन्मयी आली. मेलबर्नच्याच पॉइंट कुकमध्ये वाढलेली, मराठी डॉक्टर दांपत्याची मुलगी, युनीतून थेट वर्गात. ना परीक्षा दोनदा, ना सहाचा फोन. पहिल्याच दिवशी सगळ्या स्टाफरूमसमोर तिने पद्माला मिठी मारली आणि ओरडली, “पद्मामावशी!” झालं. वीस वर्षांचा अनुभव एका शब्दात मावशी होऊन बसला. प्रिन्सिपल ग्रॅहमलाही तो शब्द आवडला आणि तोही अधूनमधून ‘माव्शी’ म्हणू लागला.

तरीही हे सगळं पद्माने गिळलं असतं. गिळता येईना ते वेगळंच होतं. शाल्मली घरी आईशी मराठी बोलत नसे. पद्मा मराठीत विचारी, लेक इंग्रजीत उत्तर देई. लाडीगोडी झाली, रागावून झालं, खाऊचं आमिष झालं, ढिम्म फरक नाही. आणि एक दिवस पहिलीच्या दारावरून जाताना पद्माच्या कानावर आलं, “मिस चिन्मयी, माझा पेन्सिल हरवली.” शाल्मलीचा आवाज. चिन्मयीनेही तितक्याच मोडक्या मराठीत उत्तर दिलं, “ओह नो, मग आपण शोधू या ना!” दोघी खिदळत टेबलाखाली शिरल्या. ती त्या दोघींची गुप्त भाषा होती म्हणे, वर्गात बाकी कुणाला कळत नाही म्हणून.

पद्मा दाराबाहेर उभी होती आणि तिच्या मनात पहिलं काय आलं असेल? ‘माझा पेन्सिल नाही, माझी पेन्सिल.’ बाईंचं हे असं होतं. लेकीने तोंड उघडलं की चूक सुधारायची, वाक्य पुरं व्हायच्या आत. लेक इंग्रजीकडे का वळली हे शेजारच्या कुत्र्यालाही कळलं असतं. बाईंना कळत नव्हतं. त्या रात्रभर तळमळल्या आणि सकाळी निमिषला म्हणाल्या, त्या पोरीने माझ्या मुलीचं मराठी बिघडवलं.

आता गारांचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत चिन्मयीने लाडात येऊन विचारलं, “मावशी, पुण्यातली एक गोष्ट सांग ना.” पद्माला सांगायचं नव्हतं, पण ही गोष्ट तिची फार आवडती होती, तिला राहवेना. एप्रिल महिना, परीक्षा तोंडावर आलेली आणि भरदुपारी गारा पडायला लागल्या. मुख्याध्यापिका शोभाताईंची सक्त ताकीद होती, मुली वर्गाबाहेर दिसता कामा नयेत. चौथीच्या छप्पन्न मुली खिडकीला चिकटलेल्या. पद्माने दार उघडलं आणि म्हणाली, “पळा!” मुलींनी कंपासपेट्या रिकाम्या केल्या, त्यांत गारा वेचल्या, कराकरा खाल्ल्या, फ्रॉक भिजवले. पद्माला मेमो मिळाला. तो मेमो तिने अजून जपून ठेवलाय, प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये, सगळ्यांत वर. चिन्मयी ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “मावशी, मला तुझ्यासारखं टीचर व्हायचंय.” पद्माला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

ऑगस्टमधला मंगळवार, तिकडचा ऐन हिवाळा. आभाळ सकाळपासून खाली उतरलेलं, ओव्हलवरचं, म्हणजे शाळेच्या मैदानावरचं, गवत थंडीने आखडलेलं. सव्वादहाला पद्माची तिसरी संगीताच्या तासाला गेली आणि ती रंगांचे डबे आणायला मागच्या शेडकडे निघाली. अर्ध्या वाटेत तिच्या बाहीवर पांढरं काहीतरी पडलं. मग केसांवर. मग सगळीकडे.

त्या भागात बर्फ पडतो, पण एखाद्या वर्षी, तोही तासभर टिकला तर नशीब. आणि पहिला बर्फ शाल्मलीला दाखवायचं पद्माने तीन वर्षांपूर्वी कबूल केलं होतं. एकदा सकाळी सहाचा फोन आला, एकदा निमिषचं ऑफिस आलं, एकदा तिला स्वतःला फ्लू झाला. यंदा सप्टेंबरच्या सुट्टीसाठी बर्फाच्या डोंगराचं, माउंट बुलरचं, बुकिंग झालं होतं, लेकीसाठी गुलाबी बूटही आणून ठेवले होते. लेकीचा पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द, सगळं पद्माच्या वहीत तारखेनिशी होतं. पहिल्या बर्फाचं पान कोरं होतं.

तिने तळहात पुढे केला. साबुदाण्याएवढे पांढरे दाणे, मधूनच एखादा भुरभुरीत कण. दाणा बोटांत दाबला, तो चुरला. गार चुरत नाही, हे पुण्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. गार कडक असते, दाताखाली वाजते. हा बर्फ होता.

तेवढ्यात तिचं लक्ष पहिलीच्या खिडकीकडे गेलं. आत धांदल उडाली होती. मुलं कोट चढवत होती, कुणाची टोपी उलटी, कुणाचे बूट अदलाबदल झालेले. आणि मधोमध चिन्मयी गुडघ्यांवर बसून शाल्मलीच्या हातांत मोजे घालत होती. शाल्मलीने तिच्या गळ्यात हात टाकले होते आणि ती कानात काहीतरी सांगत होती. मराठीतच असणार.

पद्माच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. ग्रॅहम. त्याच्या ऑफिसची खिडकी पार्किंगकडे, त्याला धड दिसत नव्हतं. “पद्मा, तू बाहेर आहेस ना? स्नो आहे की हेल? स्नो असेल तर टाइमटेबल गेलं खड्ड्यात, सगळ्यांना सोड बाहेर!”

हेल म्हणजे गारा, आणि गारा असतील तर मुलांना आत ठेवायचं असा शाळेचा नियम होता. दोन वर्षांपूर्वी गारपिटीत एका मुलाच्या कपाळाला खोक पडली होती, तेव्हापासून ग्रॅहम त्या बाबतीत काटेकोर होता.

पद्माने बटण दाबलं. फार विचार केला असं म्हणता येणार नाही. छातीत ती नेहमीची जळजळ उठली, आणि तोंड उघडलं तेव्हा शब्द तयारच होता.

“हेल,” ती म्हणाली. “हेल आहे, ग्रॅहम. आतच ठेव सगळ्यांना.”

“नो वरीज, मेट. तुला कळतं त्यातलं.”

चारही वर्गांची दारं बंद झाली. खिडक्यांना नाकं चिकटली. वीस मिनिटं ते पांढरं पडत राहिलं. ओव्हल पांढरा झाला, घसरगुंडी पांढरी झाली, कुंपणाच्या खांबांवर टोप्या बसल्या. नव्वद पोरं काचेआडून बघत होती, आणि बाहेर एकटी पद्मा, शेडच्या वळचणीला, रंगाचा डबा पोटाशी धरून. मग पावसाची सर आली आणि पाच मिनिटांत सगळं धुऊन गेलं. उरलं चिखलाचं मैदान.

कुणीतरी संशय घेतला असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. सुट्टीत चिन्मयी चहाचा मग घेऊन शेजारी येऊन बसली. “थँक गॉड तू बाहेर होतीस, मावशी. मी तर ग्लोव्हज पण घातले होते सगळ्यांना! मला अगदी स्नोच वाटला. मुलं रडायला लागली, मग मी त्यांना तुझी स्टोरी सांगितली. म्हटलं, पद्मा मिस ती टीचर आहे जिने सगळ्यांना बाहेर सोडलं होतं. ती आत थांबा म्हणाली, तर काहीतरी रीझन असणार.”

पद्माने बिस्कीट चहात बुडवलं. ते तुटून तळाशी गेलं.

दुपारी साडेतीनला गाडी निघाली. शाल्मली मागच्या सीटवर ताठ बसली होती, खाऊचा निळा डबा दोन्ही हातांनी मांडीवर सपाट धरून.

“आई, स्लो प्लीज. इट विल स्पिल.”

“काय सांडेल?”

“इट्स फॉर यू. मिस चिन्मयी पुट हर हँड आउट द विंडो. शी सेड, यू मिस पुण्यातल्या गारा. नो कंपासपेटी, सो डबा.”

पद्माने गावाबाहेरच्या बेकरीसमोर गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. मागे हात करून डबा घेतला आणि उघडला. आत बोटभर पाणी होतं आणि सकाळच्या चीज सँडविचचा एक तुकडा त्यात भिजून पडला होता.

“ओह,” शाल्मली म्हणाली. “गारा गॉन.”

पद्माला वाटलं, आता झाकण लावावं, लेकीचा पापा घ्यावा, थँक यू म्हणावं आणि क्रेगीबर्न गाठावं. कुणाला कळणार होतं? जगात एकाही माणसाला कळणार नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. कुणी पकडलं नाही म्हणून तर जास्तच.

“शाल्मली, त्या गारा नव्हत्या. तो स्नो होता.”

“बट यू सेड हेल.”

“हो.”

“बाय मिस्टेक?”

लेकीने दार उघडून दिलं होतं. त्यातून सहज निघून जाता आलं असतं.

“नाही,” पद्मा म्हणाली. “मला माहीत होतं. तू पहिला स्नो माझ्याबरोबर बघावास असं मला वाटत होतं. मिस चिन्मयीबरोबर नको. म्हणून मी खोटं बोलले. सगळ्यांशी.”

आरशात शाल्मलीचं तोंड दिसत होतं, गणित सोडवताना होतं तसं. मग तिने विचारलं, “विल यू टेल मिस चिन्मयी?”

“उद्या सकाळी. ग्रॅहमलाही.”

“शी विल क्राय.”

“रडेल. मीही रडेन बहुतेक.”

बेकरीतून एक बाई पावांची पिशवी घेऊन बाहेर आली, गाडीत बसली आणि गेली. शाल्मली पट्टा सोडवून पुढच्या दोन सीटच्या मधे आली. डब्यात बोट बुडवून तिने ते पाणी जरा ढवळलं.

“तू बाहेर होती ना, आई. तू खेळली?”

“नाही.”

“थोडी पण नाही?”

“नाही गं.”

शाल्मलीने आईकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. तिला नुसतं समजत नव्हतं.

“मग कुणीच नाही खेळलो?”

पद्माच्या ओठांवर आलं होतं, ‘खेळलो’ नव्हे, ‘खेळलं’. वीस वर्षांची सवय. लेक मराठीत बोलत होती, आईशी, सलग तिसऱ्यांदा, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

तिने डब्याचं झाकण लावलं.

“नाही,” ती म्हणाली. “कुणीच नाही खेळलो.”