चढावरचा नळ

सोलापूर सोडून आम्ही जळगावला गेलो, त्या वर्षीचा उन्हाळा माझ्या आईनं एका नळापायी गाजवला. एकोणीसशे तीसच्या पुढची ही गोष्ट. मी तेव्हा मराठी पाचवीत होते.

सोलापुरातली आमची गल्ली गिरण्यांपासून फार लांब नव्हती. पहाटेचा भोंगा झाला की अख्खी गल्ली एकदम जागी व्हायची. शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरात माग सुरू व्हायचा आणि त्या खटखटीवर आमची दिवसभराची कामं चालायची. गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून रंगवलेलं सूत वाळत घातलेलं असे. शाळेला जाताना लाल-निळ्या सुताखालून वाकून जायचं, ओलं असलं तर डोक्यावर रंगाचा थेंब पडायचा आणि बाई वर्गात विचारायच्या, "आज कोणता रंग?" वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, गिरणीच्या कचेरीत कारकून होते. काळा लांब कोट, टोपी, हातात छत्री आणि डब्यात भाकरी नि शेंगांची चटणी. संध्याकाळी ते परतले की आई माळवदावर पाणी शिंपडायची आणि आम्ही वर बसायचो.

पण शिंपडायला पाणी असेल तर.

गल्ली चढावर होती. नळ खाली चौकात. पहाटे थोडा वेळ पाणी यायचं आणि तेवढ्यात चार गल्ल्यांच्या बायका तिथं. घागरी, हंडे, कळशा यांची रांग, भांडणं, आणि मग भरलेली घागर कमरेवर घेऊन चढ चढायचा. गल्लीत एक आड होता, काकूंच्या अंगणात, पण उन्हाळ्यात त्याचं पाणी तळाला जायचं. काकू म्हणजे कोपऱ्यावरच्या मोठ्या घरातल्या. मनानं वाईट नव्हत्या, पण शिवाशीव फार कडक. आमच्यासारख्यांना आडावर येऊ देत. गल्लीच्या वरच्या टोकाला चपला शिवणाऱ्यांचं एकच घर होतं, त्या घरच्या बाईला मात्र अंगणाबाहेर घागर ठेवून उभं राहावं लागे. कुणी पाणी ओढणारी कनवाळू निघाली की तिच्या घागरीत वरून ओतायची. आई बहुतेक रोज ओतायची. पण तीही वरूनच ओतायची. तेव्हा तसंच चालायचं आणि त्यात काही वावगं आहे असं आमच्या घरात कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

शिवरात्रीच्या सुमाराला दादा पेढे घेऊन घरी आले. जळगावच्या एका गिरणीत त्यांना हेडक्लार्कची जागा मिळाली होती. अक्षय तृतीयेनंतर लगेच निघायचं होतं. तिथं राहायला दोन खोल्या आणि अंगणात स्वतःचा नळ, असं ते सांगत होते.

आईनं पेढा हातात घेतला आणि विचारलं, "अंगणात? निस्ता आपला?"

"आपला एकट्याचा."

आई केम गावाकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची. सोलापुरात इतकी वर्षं राहूनही तिची बोली बदलली नव्हती. ती म्हणाली, "ब्येस झालं," आणि पेढा देवापुढं ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातून घागर घेऊन चढ चढताना आमच्या पुढं नानी होत्या. या नानी म्हणजे पलीकडच्या घरातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या मुसलमान बाई. सगळी गल्ली त्यांना नानीच म्हणायची. अर्ध्या चढावर त्यांचा पाय घसरला. त्यांना लागलं नाही, पण घागर फुटली आणि सगळं पाणी उतारावरून चौकाकडं परत गेलं. नानी तिथंच बसल्या आणि हसायला लागल्या. "देखो बेटी, पानी बी चढनेकू नक्को बोलता."

आईला हसू आलं नाही. तिनं आपली घागर नानींच्या घरातल्या मडक्यात रिकामी केली आणि घरी येऊन दादांना म्हणाली, "आपल्या गल्लीत नळ पायजे. अर्ज लिवा."

दादा चकित झाले. "अगं, आपण दोन महिन्यांत जाणार. कुणासाठी?"

"ज्यांच्यात ऱ्हायले त्यांच्यासाठी. आन माज्यासाठी बी. हितनं जाताना मला रिकाम्या हातानं जायचं न्हाय."

दादांनी अर्ज लिहिला. आईनं तो पदराखाली घेतला, शेजारच्या विणकरणीला बरोबर घेतलं, मला घेतलं आणि आम्ही नळाच्या कचेरीत गेलो. विणकरीण आईपेक्षा वयानं लहान, तिला अक्का म्हणायची. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. कचेरीत ओव्हरसियर होते, चष्मा लावणारे, सभ्य गृहस्थ. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "बाई, नळ द्यायला माझी ना नाही. पण तुमच्या चढावर पाणी चढणार नाही. मी येऊन दाखवतो."

आणि ते खरंच आले. दुसऱ्या दिवशी पहाटे चौकातल्या नळाला त्यांनी रबरी नळी जोडली आणि तिचं तोंड धरून हळूहळू चढ चढू लागले. मागं सगळी गल्ली. नळीतून पाणी येत होतं, येत होतं, आमच्या घराच्या अलीकडं त्याची धार बारीक झाली आणि आमच्या दारासमोर थांबली. ओव्हरसियरांनी नळी खाली जमिनीला टेकवली तर पुन्हा थोडंसं पाणी आलं. वर उचलली की बंद.

"पाहिलंत? जमिनीला टेकलं तर थेंब. नळाची तोटी कमरेइतकी वर हवी, नाही तर घागर खाली जाणार कशी?"

सगळ्या बायका त्या नळीकडं बघत राहिल्या. मग विणकरीण म्हणाली, "आमचा माग कुटं असतो, साहेब? खड्ड्यात. आमी खड्ड्यात पाय सोडून बसतो, माग जमिनीला. तुमचा नळ बी खड्ड्यात बसवा की. घागर खाली जाईल, आमी बी खाली जाऊ."

ओव्हरसियर आधी हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी वाकून दारासमोरची जमीन पाहिली, उताराकडं पाहिलं. "खड्ड्यात सांडलेलं पाणी तुंबेल. पण उतार आहे. खालच्या बाजूला चर काढला तर निघून जाईल. बसेल की!" मग लगेच त्यांचा चेहरा पडला. "पण खोदाई? चौकापासून इथवर चर, वर हा खड्डा. पावसाळ्यापूर्वी माझ्याकडं माणसं नाहीत. दिवाळीनंतर बघू."

"पाइप कवा देता?" आईनं विचारलं.

"खोदाई झाली की आठवड्यात."

"मग खोदाई आमची."

दादा दारात उभे होते. त्यांनी संध्याकाळी गिरणीतून येताना कुणाकडून तरी एक कुदळ आणि पहार मागून आणली आणि आईच्या पुढं ठेवली.

चैत्राचं ऊन सोलापुरात कसं असतं ते सोलापूरकरालाच माहीत. आम्ही सकाळी लवकर नि उन्हं कलल्यावर खोदायचो. आईनं लुगड्याचा काचा मारला आणि पहिला घाव घातला. माहेरी तिनं बांध घातले होते, विहिरीची माती उपसली होती. कुदळ तिच्या हातात पळीसारखी हलकी दिसायची. विणकरीण, तिची जाऊ, नानी, समोरच्या कानडी घरातल्या दोघी सासवा-सुना, सगळ्या आल्या. नानींना खोदता येईना, म्हणून त्या चराच्या कडेला बसून सगळ्यांवर देखरेख करायच्या. "हौ, वहाँ मार, वहाँ!" आम्ही पोरी घमेली वाहायचो. गिरणीतून सुटलेले पुरुष पहिल्या दिवशी बघत उभे राहिले. एक जण म्हणाला, "बायकांनी नळ आणायचा म्हणजे गंमतच की." दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं त्याला पहार दिली.

वरच्या टोकाची ती बाई तिसऱ्या की चौथ्या दिवशी आली. हातात स्वतःचा टिकाव. जरा लांब उभी राहिली. आईनं वर पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं आलीस. हितं लई कठीण हाय, ये." ती आली आणि आईच्या शेजारी खोदायला लागली. तिच्या हाताला अशी सवय होती की आमच्या सगळ्यांच्या दुप्पट माती ती बाजूला टाकायची. काकू आपल्या ओट्यावरून बघत होत्या. त्या आल्या नाहीत, पण दुपारी त्यांच्याकडून पन्हं आलं.

चर झाला. खड्डा मात्र गुडघ्याइतका झाला आणि पहार टणकन वाजली. खाली काळा पाषाण. पुरुषांनी दोन संध्याकाळी घाव घातले, पहारेची टोकं बोथट झाली, दगडाला ओरखडे आले इतकंच. विणकरणीचा नवरा म्हणाला, "सुरुंग लावावा लागंल." घरांच्या मधोमध सुरुंग कोण लावू देणार? त्या संध्याकाळी सगळे पहारी उचलून घरी गेले. मलाही वाटलं, संपलं. अक्षय तृतीया जवळ आली होती आणि घरात ट्रंका भरायला सुरुवात झाली होती.

आई माळवदावर बसून होती. अचानक म्हणाली, "माज्या बानं विहिरीतला असाच दगूड फोडला व्हता. जाळून." मग दादांना म्हणाली, "आधी तापवायचा, मग एकदम गार पानी वतायचं. दगूड सोताच फुटतो."

"पाणी किती लागेल?" दादांनी विचारलं.

"लई."

हीच तर अडचण होती. नळासाठी लागणारं पाणी नळ नसलेल्या गल्लीत आणायचं कुठून? आई सकाळी दारोदार गेली. "एकेक तांब्या द्या," एवढंच म्हणाली. आमच्या दारासमोर मोठा तांब्याचा हंडा ठेवला. खड्ड्यात गोवऱ्या, बाभळीची लाकडं, विणकरांकडची तुटकी फळकुटं रचून जाळ केला. सकाळपासून दुपारपर्यंत तो धगधगत होता. जवळ उभं राहवत नव्हतं. आणि एकेक जण येऊन हंड्यात पाणी ओतून जात होतं. नानींनी आपल्या मडक्यातलं ओतलं. कानडी सासूनं पूजेसाठी काढून ठेवलेलं आणलं. टोकाच्या बाईनं मातीची लोटकी भरून आणली आणि हंड्याशी थबकली. आईनं तिच्या हातातून लोटकी घेतली नाही. "वत की," म्हणाली. तिनं ओतलं. काकूंच्या घरून मोलकरीण दोन कळशा घेऊन आली. त्यानंतर हंडा भरला.

निखारे बाजूला ओढले. दगड लालसर दिसत होता. चार पुरुषांनी हंडा उचलला आणि आई ओरडली, "मागं सरा समदी!"

पाणी पडलं आणि असा फाडकन आवाज झाला की चौकातले लोक धावत आले. गल्लीभर वाफ. वाफेतून कुणी दिसेना. मग आतून टोकाच्या बाईचा आवाज आला, "फुटला! उभा फुटला हो!" तिनं भेगेत पहार घातली, आईनं तिच्या हातावर हात ठेवून जोर लावला आणि दगडाचा शेरडाएवढा तुकडा उलटला. लोक ओरडायला लागले. नानी ओट्यावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. दादा एरवी रस्त्यात मोठ्यानं बोलत नसत, ते त्या दिवशी टोपी काढून उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमच्या घरातून! ही कल्पना आमच्या घरातून!"

ओव्हरसियरांनी शब्द पाळला. पाइप आला, खड्ड्याला पायऱ्या झाल्या, तळाला फरशी, आणि कमरेइतक्या खोल खड्ड्यात पितळी तोटी बसली. पहिलं पाणी यायच्या पहाटे सगळी गल्ली भांडी घेऊन जमली. कुणीतरी नळाला हळदकुंकू लावलं. तेवढ्यात काकू आल्या. त्या पहिल्यांदाच आल्या होत्या, नवी कळशी घेऊन. त्यांनी टोकाच्या बाईला रांगेत पाहिलं आणि आईला हळूच म्हणाल्या, "आधी आपण भरून घेऊ. तिला मग कुणीतरी वरून ओतेल. नळ बाटायला नको."

आई मोठ्यानंच बोलली. "काकू, दगडावर वतलं तवा हंड्यात तुमचं पानी कंचं आन तिचं कंचं, हे कुनी इचारलं व्हतं का? त्या पान्यानंच नळ आलाय. तोटी तीच सोडंल."

मला भीती वाटली, आता भांडण होणार. विणकरणीनं आपली घागर मागं घेतली आणि जागा केली. नानी म्हणाल्या, "चल बेटी, खोल." टोकाची बाई पायऱ्या उतरली. तिनं घागर तोटीखाली ठेवली. तोटी फिरवली, आधी फुरफुर वारा आला, मग लालसर गढूळ आणि मग स्वच्छ, जाड धार. ती धार तिच्या घागरीत पडल्याचा आवाज झाला आणि बायका हसायला लागल्या, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवायला लागल्या. आई पायरीवर बसून भिजत होती. तिला इतकं मोकळं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

काकू रिकामी कळशी घेऊन परत गेल्या. पुढचे काही दिवस त्या आल्या नाहीत. मग एका पहाटे पाहिलं तर त्यांची कळशी रांगेत होती, टोकाच्या बाईच्या घागरीमागं.

आम्ही निघालो त्या सकाळी टांगा गल्लीत शिरायला आणि नळाला पाणी यायला एकच गाठ पडली. टांगा पुढं येईना. वाटेत सगळी भांडी. बायका निरोप द्यायला घागरी सोडून धावल्या. विणकरीण रडत होती, तिनं आईच्या हातात स्वतः विणलेला खण ठेवला. नानींनी आईच्या डोक्यावरून हात फिरवला. आईनं डोळे पुसले आणि सगळ्यांवर खेकसली, "आगं, नंबर सोडू नका! पानी जाईल. भरा आधी!"

टांगेवाला वैतागून म्हणाला, "गाडी चुकंल, बाई."

"चुकू दे," आई म्हणाली आणि ट्रंकेवर बसून राहिली. शेवटची घागर भरून झाली, वाट मोकळी झाली, तेव्हा ती टांग्यात चढली.