आधी गुंता, मग पाणी

"आधी गुंता, मग पानी."

एवढं बोलून ती आमच्या मागच्या अंगणात पाटावर बसायची, कुत्र्याला दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. आंघोळ कुत्र्याची आणि समाधी हिची, असं आम्ही घरात म्हणायचो. तिची बोटं त्याच्या केसांतून फिरायची. उजव्या हाताचा अंगठा पुढे, बाकीची बोटं मागे. अंगठा थांबला की समजायचं, गाठ सापडली. मग ती गाठ टोकाकडून एकेक केस करत सुटायची आणि कुत्रं आपलं निवांत जांभया देत राहायचं.

"गुंता डोळ्याला दिसत न्हाई म्याडम. अंगठ्याला दिसतो," ती म्हणायची.

आधी कुत्र्याबद्दल सांगते, कारण आमच्या घरात मान त्याचा पहिला होता. माझ्या दिराने पुण्यात हौसेने घेतलेलं आणि परदेशी जाताना आमच्या गळ्यात घातलेलं हे कुत्रं. मांजराएवढा जीव, पण केस जमिनीला टेकणारे. तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, हे ते चालायला लागल्यावरच कळायचं. माझ्या मुलीने त्याचं नाव मफिन ठेवलं होतं. मावशी आमच्याकडे धुण्याभांड्याला लागली त्या दिवशी तिने त्याची दाढी हातात धरून नीट पाहिली.

"ह्यो तर बुवा हाय. दाढी हाय, जटा हायेत, आन् दुसऱ्याच्या घरी आयतं खाणं हाय."

मुलगी आठ दिवस रुसली. नवव्या दिवशी तीसुद्धा बुवाच म्हणू लागली.

तोंडाची अशी होती मावशी. तुम्हीही अशा बाया पाहिल्या असतील, ज्या काम एक नंबर करतात आणि बोलून सगळं घालवतात. परभणीचा उन्हाळा, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि आमचा बुवा फरशीवर चारी पाय पसरून धापा टाकतोय. मी कौतुकाने म्हटलं, "बिचाऱ्याला किती उकडतंय!" मावशीने फडकं पिळता पिळता माझ्याकडे पाहिलं. "घोंगडं पांघरून आलेल्या जिवाला तुमी इथं आणलं. एक दिवस तुमाला स्वेटर घालून गच्चीवर बसवते, मग कळंल किती उकडायलंय ते."

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. माझ्याशी असं कुणी बोलत नाही. पण तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून ऐकून घ्यायचे.

हा हात तिने कमावला होता मुलींच्या एका वसतिगृहात. तिथे ती पंधरा-वीस वर्षं आया होती. साठ पोरींची डोकी, उवा, लिखा, जटा, सगळं हिच्याकडे. सकाळी शाळेच्या घंटेआधी साठ वेण्या. "एका बी पोरीचा केस तुटला न्हाई माज्या हातून," हे ती इतक्या वेळा सांगायची की सासूबाई आतून म्हणायच्या, "झाली हिची आरती सुरू." वसतिगृह बंद पडलं आणि ती आमच्या कॉलनीत चार घरची कामं धरून बसली. आमच्याकडे कुत्र्याची आंघोळ तिने स्वतःहून मागून घेतली होती. आम्ही नळीने पाणी मारताना तिने एकदा पाहिलं, तेव्हा माझ्या हातातली नळी काढून घेतली होती.

रविवारी दहा वाजता आंघोळ. आमच्याकडे नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, त्यामुळे पाण्याची बादली म्हणजे घरातलं सोनं. मावशी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायची. ती अर्धी बादली आठ वाजताच उन्हात ठेवून कोमट करायची. कानात कापसाचे बोळे. मग मग्याने पाणी, तेही पायापासून वर. "देवाला डोक्यावरून, कुत्र्याला पायावरून. त्याला कळू द्यावं, पानी यायलंय." शेवटी माझ्या मुलीच्या जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर. अंगाखालचं पाणी कढीपत्त्याला. बुवा त्या दुपट्ट्यातून फक्त नाक बाहेर काढून तिच्या हनुवटीकडे बघत बसायचा. आम्ही त्याला चिकन खाऊ घालायचो, गादीवर झोपवायचो, पण असं त्याने आमच्याकडे कधी पाहिलं नाही. मला राग यायचा, हे लपवत नाही.

आता कपाचं सांगते. सांगायला नको वाटतं, पण ते गाळलं तर मग मावशीबद्दल काहीच सांगितल्यासारखं होणार नाही.

मागच्या खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर तिचा कप असायचा. कान तुटलेला, पांढरा. चहा झाला की मी वरून ओतायचे, ती पिऊन, धुऊन, पालथा घालायची. सासूबाईंच्या काळापासूनची रीत. मी बदलली नाही. "घरात म्हातारं माणूस आहे, त्यांच्या जिवाला लागतं," असं मी स्वतःला समजावलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात काही अडत नव्हतं. बुवाची ताटली स्वयंपाकघरात, ओट्याच्या खाली होती.

एकदा तिने कप खाली ठेवला आणि बुवाने त्यात तोंड घालून राहिलेला चहा चाटून टाकला. मावशी हसत सुटली. हसता हसता तिने आत हाक मारली, "मोठ्या बाई, जरा बाहेर या! तुमच्या बुवाने माझ्या कपात तोंड घातलंय. आता बाटलं कोण ते सांगा. कप का कुत्रं?"

सासूबाई बाहेर आल्या नाहीत. त्या दिवशी बुवाला त्यांनी मांडीवरही घेतलं नाही. हा प्रश्न त्या विसरल्या नव्हत्या, हे पुढे कळलं.

पावसाळा संपला, दसरा जवळ आला होता. आमच्या शेजारचा प्लॉट मोकळा आहे, त्यात कमरेएवढं कुसळी गवत माजलेलं. चालताना साडीच्या काठाला, मोज्यांना कुसळं चिकटतात ती हीच. बुवा रोज त्यात घुसायचा आणि अंगभर कुसळं लेवून यायचा. मावशी बजावायची, "त्याला तिकडं सोडू नका. ह्याच्या केसात कुसळ गेलं की कातड्यात जातंय." आम्ही हो हो म्हणायचो.

त्या रविवारी आंघोळ चालू होती. मी आत, सासूबाई देवघरात, मुलगी मोबाइल घेऊन. आणि एकाएकी बुवा असा किंचाळला की आम्ही तिघी जणी एकदमच मागे धावलो.

मावशीने त्याला मांडीखाली दाबून धरलं होतं. एका हातात त्याचा पुढचा पंजा, दुसऱ्या हातात तिच्या कमरेला किल्ल्यांबरोबर असायचा तो काटे काढायचा लहान चिमटा. दोन्ही हात रक्ताने भरलेले. पाटावर रक्त. बुवा ओरडतोय.

"धरा, धरा त्याला!" ती म्हणाली. "कुसळ हाय बोटांच्या मधात. अर्धं आलंय, अर्धं आत हाय. एक मिनिट धरा!"

माझी मुलगी रडायला लागली. मी पुढे झाले आणि बुवाला तिच्या हातातून ओढून घेतलं.

"म्याडम, अर्धं हाय आत अजून!"

"ह्या लोकांना काय जनावराची माया असणार," सासूबाई दारातून म्हणाल्या. हळू म्हणाल्या नाहीत.

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मी काय बोलते याची वाट बघत होती, हे मला तेव्हाही कळलं होतं. तिला ज्याचा अभिमान होता ते मला ठाऊक होतं, आणि कुठे मारलं की लागतं तेही.

"तुमचा हात जड आहे, मावशी," मी म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

ती उठली. पाट धुतला. चिमटा पुसून कमरेला लावला. कट्ट्यावरचा कप विसळला, पालथा घातला. जाताना मला म्हणाली, "कप राहू द्या. पुढच्या बाईला व्हईल."

संध्याकाळी आम्ही बुवाचा पंजा उजेडात धरून पाहिला. बोटांमधले केस तिने बारीक, सारखे कापलेले होते. जखम कुठेच नव्हती. टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका, बस. मग एवढं रक्त कुणाचं होतं? हा प्रश्न माझ्या मनात आला, सासूबाईंच्याही आला असणार. मुलीने तर तोंडाने विचारला. "जेवायला चल," मी तिला सांगितलं.

म्हणजे त्याच संध्याकाळी मला कळलं होतं. तिचं घर रेल्वे लायनीच्या पलीकडे, ऑटोने दहा मिनिटं. मी गेले नाही. शाळेतली बाई घरकाम करणारीच्या दारात चूक कबूल करायला कशी जाणार?

पुढचे दोन रविवार आम्हीच त्याला आंघोळ घातली. हौसेने सुगंधी शाम्पू आणला, आणि आधी पाणी ओतलं. ओल्या गाठी वाळल्यावर अशा आवळल्या की फणी सोडा, बोटही जाईना. शेवटी त्याला एका दुकानात नेऊन मशीन फिरवून आणलं. बुवा मुंज लागलेल्या बटूसारखा घरी आला. शेजारच्या बायका हसून गेल्या. केस गेले तेव्हा सगळ्यांना दिसलं की तो पुढचा उजवा पाय टेकवत नाहीये. पंजा लिंबाएवढा सुजला होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी चीर दिली, पू काढला आणि चिमट्याने एक काळपट काडी बाहेर काढून कापसावर ठेवली.

"कुसळ," ते म्हणाले. "ह्याला मागे येता येत नाही. आत शिरलं की पुढेच सरकतं. हाडापर्यंत गेलंय." मग चष्मा वर करून त्यांनी ती काडी पुन्हा पाहिली. "ह्याचं मागचं टोक कुणीतरी ओढून काढलंय. चांगला हात होता. मिनिटभर धरलं असतं कुत्र्याला, तर सगळं आलं असतं. मध्येच का सोडलं?"

"मावशी तेच म्हणत होती ना, आई?" माझी मुलगी म्हणाली.

पाय वाचला नाही.

त्यानंतर मी गेले. तुम्ही म्हणाल, आता काय उपयोग. मलाही तसंच वाटत होतं, तरी गेले. माफीची वाक्यं ऑटोत बसून जुळवली होती. तिला परत बोलवायचं, असंही ठरवलं होतं.

ती दारात नातीची वेणी घालत होती. डाव्या हाताने. मला पाहून उठली नाही, पण नातीला शेजारून खुर्ची आणायला पिटाळलं. चहा केला. फुलांच्या कपात, खाली बशी. मी प्यायले. ती पुन्हा नातीच्या वेणीला बसली.

"बुवा कसाय?" तिने विचारलं.

"बरा आहे."

"पायातलं निघालं का?"

"निघालं."

"कसं?"

तीन पायांचं कुत्रं माझ्या तोंडून बाहेर पडेना. "आपोआप," मी म्हणाले.

तिचा डावा हात थांबला. कुसळाचं तिला काय सांगणार मी? ज्या बाईने ते शिरताना ओळखलं, तिला मी सांगत होते की ते स्वतःच्या पायाने बाहेर आलं. मग ती हसली. कपाच्या दिवशी हसली होती तशी नाही.

"आपोआप व्हय? बरं झालं," ती म्हणाली, आणि मांडीवरचा उजवा हात वर केला. अंगठा लाकडासारखा ताठ होता, नख काळं पडलेलं. सांध्यावर दाताचे दोन खड्डे. "दात सांध्यात शिरला व्हता त्याचा. पार सडला. सरकारी दवाखान्यात सुया घेतल्या, पर आता वळंना. त्याचा काय दोष, दुखल्यावर चावणारच की. तवा चावलं, तरी मी सोडलं न्हाई त्याला." तिने तो अंगठा स्वतःच एकदा न्याहाळला. "माझं बी आपोआपच बरं झालं, बघा."

नातीच्या केसात फणी अडकली. पोरगी "आई गं" म्हणून ओरडली. मावशीने फणी काढून घेतली. तुटलेले चार केस फणीला होते. ते तिने गुंडाळी करून हळूच पदराच्या टोकाला बांधले. मला दिसू नयेत म्हणून तिने तोंड फिरवलं होतं, पण मी पाहिलं. जुळवलेली सगळी वाक्यं मी तशीच घरी परत आणली.

पुढे ती बोरीला भावाकडे गेली, असं कळलं. पुन्हा दिसली नाही.

बुवाला आता आम्ही दर महिन्याला मशीन मारून आणतो. केसच नाहीत, म्हणून गुंताही नाही. आंघोळीची बादली पाहिली की तो पलंगाखाली जातो आणि ओढून काढावा लागतो. लाज मला वाटते, रोज वाटते. पण लाजेने काही होत नाही, हेही मी शिकले आहे.

कारण नवी बाई कामाला आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला मागच्या कट्ट्यावरचा पालथा कप दिसला. तो फेकून द्यायचं मी कितीदा ठरवलं होतं.

"म्याडम, ह्यो कप कुणाचाय?"

आत सासूबाईंची पळी थांबली. बुवा उंबऱ्यात तीन पायांवर उभा राहून माझ्याकडे बघत होता.

"तुमचाच," मी म्हणाले.