आम्ही शांत वस्ती निवडली

दिनांक: चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरातला एक रविवार. ठिकाण: बदलापूर पूर्व, खरवईच्या बाजूला. हजर: मी, माझे यजमान (फक्त शरीराने), सासूबाई आणि धाकटे दीर विलास, मेजर टेपसह. गैरहजर: माझी अक्कल. हे शेवटचं नाव मी मागाहून घातलं.

आम्ही घर पाहायला गेलो होतो. खरं तर घर पाहायला नाही, वस्ती पाहायला. घर काय, चार भिंती सगळीकडे सारख्याच. शेजार मात्र दुरुस्त करून मिळत नाही. हे मी उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये शिकले होते. तिथे आमच्या खोलीला लागून वाधूमलशेठचा पत्र्याच्या पेट्या बनवायचा कारखाना होता. पत्र्यावर हातोडा कसा पडतो माहीत आहे? सलग पडला तर माणूस सोसेल. पण तो ठण्‌ करून पडायचा, मग थांबायचा, आपण सुस्कारा सोडायचो आणि त्या सुस्काऱ्याच्या बरोबर मध्यावर दुसरा ठण्‌!

ह्यांची नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, तीन पाळ्यांची. रात्रपाळी करून आले की दिवसा झोपायचे, म्हणजे झोपायचा प्रयत्न करायचे. मी वाधूमलशेठना विनंती केली.

"भाभी," ते कळवळून म्हणाले, "दिन में कौन सोता है? दिन तो धंधे का टाइम है! भाईसाब को बोलो, रात को सोने का."

"रात को ड्यूटी है."

"तो ड्यूटी पे सोने का!"

आणि एके दिवशी हे खरोखरच ड्यूटीवर पेंगले. मशीनसमोर. बाजूच्या माणसाने कॉलर धरून मागे ओढलं म्हणून हाताची बोटं शाबूत राहिली. त्या दिवशी मी ठरवलं, शांत वस्ती शोधायची. कितीही लांब असो, पण शांत. बोटांपेक्षा अंतर मोठं नाही.

मी एका स्टोअरमध्ये कारकून होते. क्लिपबोर्डाशिवाय मी भाजीसुद्धा आणत नाही. तेव्हा प्रश्नांची यादी केली, बिल्डरच्या ऑफिसातून रिकाम्या फ्लॅटची चावी आणली आणि एजंटला मुद्दाम सोबत घेतलं नाही. एजंट त्याला हवं तेवढंच दाखवतो. मला वस्ती जशी आहे तशी, बेसावध पाहायची होती. (या वाक्यावर पुढे मी बराच विचार केला.)

सासूबाईंची अट एकच. "विहार चालत जाण्याच्या अंतरावर पाहिजे आणि बोलायला माणसं पाहिजेत. बाकी तुमचं तुम्ही बघा."

हे रात्रपाळीवरून परस्पर स्टेशनवर आले. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट, खिशाला बिल्ला, डोळे लालभडक. आता तुम्हीच चित्र डोळ्यांसमोर आणा. पुढे क्लिपबोर्ड घेतलेली बाई. तिच्यामागे मेजर टेप सर्रकन ओढून रस्त्याची रुंदी मोजणारा तरुण. त्याच्यामागे खाकी कपड्यातला, लाल डोळ्यांचा, एक शब्दही न बोलणारा माणूस. आणि सगळ्यांत शेवटी छत्री टेकत येणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बाई. आम्हाला वाटत होतं, आम्ही एक सुखी कुटुंब दिसतो आहोत!

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक बाई पापड वाळत घालत होत्या. मी यादीतला पहिला प्रश्न विचारला.

"इथे मालक राहतात की भाडेकरू?"

बाईंच्या हातातला पापड मोडला.

"मालकच! म्हणजे... आमचे पाहुणे आहेत आत. जातील संध्याकाळी."

"पाणी किती वेळ येतं? मोटार लावून ओढता का?"

"छे! मोटार? आम्ही मोटार पाहिलीसुद्धा नाही!"

तेवढ्यात, आतून ऐकू येणारी मोटारीची घरघर एकदम थांबली. मी लिहिलं: "पाणी: मोटार न लावता येते." छान.

"गॅलरी बंद करून खोली केली तर चालते का इथे?" मला आमच्या सामानाची काळजी होती.

"कोणी केली?" बाई किंचाळल्या. "ती तर पलीकडच्यांनी केली! आमची पडदा लावून आहे नुसती!" आणि पापड तिथेच टाकून त्या मागच्या दाराने जवळजवळ पळाल्या.

"वहिनी," विलास म्हणाला, "लाजाळू आहेत इथल्या बायका."

आम्ही पुढे निघालो. आता मला कळतं की आमच्या पुढे एक बातमी धावत होती, आणि ती आमच्यापेक्षा वेगाने धावत होती. पण तेव्हा एवढंच दिसलं की जसजसे आम्ही पुढे जातो तसतशी वस्ती शांत होत जाते. कुठूनतरी ढोल-बँजोचा आवाज येत होता, तो मधल्या तालावरच तुटला. एक घरघर चालू होती, ती दम लागल्यासारखी मंदावत बंद पडली. रस्त्यावर क्रिकेट खेळणारी पोरं आयांनी बखोटीला धरून आत ओढली. शटरं खाली आली. टीव्ही बंद झाले. एका गॅलरीतल्या पोपटावर फडकं टाकलेलं मी स्वतः पाहिलं!

आम्ही त्या फ्लॅटच्या तीन मजली इमारतीखाली पोहोचलो तेव्हा इतकी शांतता होती की ह्यांच्या जांभईचा आवाज समोरच्या भिंतीवरून परत आला.

"ऐका," मी भारावून म्हणाले.

"काय?" विलास म्हणाला.

"काहीच नाही! तेच तर ऐका!"

खालच्या गाळ्यासमोर एक दणकट गृहस्थ हात जोडून उभे होते. हे म्हात्रेकाका, तिथले मूळचे. त्यांच्या भुवया, मिश्या आणि कानांवरचे केस पांढरेशुभ्र होते. डोक्यावरचे मात्र काळे.

"या बाय, या. साहेब, या."

"या गाळ्यात काय आहे?" मी विचारलं.

"काय नाय. रिकामा गाला हाय. कवाशी रिकामा."

"आणि वर गच्चीवर?"

"वरती आभाल."

विलास गच्चीवर जाऊन आला. "वहिनी, वर चादरीखाली मोठं गोल काहीतरी झाकून ठेवलंय. त्यावर एक मुलगा बसलाय."

"पानी, पानी! पान्याची टाकी!" म्हात्रेकाका घाईघाईने म्हणाले.

"टाकीला चादर?"

"थंडीचे दिस हायत ना."

"बघा," मी विलासला म्हणाले, "किती काळजी घेतात वस्तूंची!"

सासूबाई एवढ्यात शेजारच्या गल्लीत पाणी प्यायला गेल्या होत्या. तिथे कुणा बाईंना जयभीम घालून ओट्यावर बसल्या, आणि परत आल्या त्या माझ्या पदराला धरूनच.

"सुनंदा, अगं ऐक. ही माणसं काय समजलीत..."

"आई, एक मिनिट. मी फरशी मोजतेय."

"अगं, इथे गिरणी..."

"गिरणी कुठेतरी असेलच हो. ते यादीत शेवटी आहे. क्रमाने जाऊ."

"त्या माणसाच्या मिशीला पीठ लागलंय!"

"पावडर असेल, आई. रविवार आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, छत्री टेकली आणि पायरीवर बसून राहिल्या. पुढे त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, दमल्या.

हे मात्र खरे दमले होते. आम्ही फ्लॅट मोजून बाहेर आलो तर हे जिन्याच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, डोळे मिटून उभे. समोर म्हात्रेकाका, पापडवाल्या बाई आणि आणखी पाचसहा माणसं श्वास रोखून उभी.

"साहेब इचार करतान," म्हात्रेकाका माझ्या कानात कुजबुजले. "काय ठरवलं तेंनी?"

"ठरल्यासारखंच आहे," मी आनंदाने म्हणाले. "साहेबांना जागा फार पसंत पडलेली दिसते."

काकांच्या पिठाळ चेहऱ्यावरचा उरलासुरला रंग उडाला. "जागाच घेतान?"

"घेणारच! अशी जागा सोडतं का कोणी?"

ह्यांना खरोखरच झोप लागली होती. उभ्याने! भर दुपारी! कॅम्प ४ मध्ये जी झोप आडवं होऊन, कानात कापूस घालून मिळाली नाही ती इथे भिंतीला टेकून मिळाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यादी तिथेच संपली. मी निर्णय घेतला.

निघताना तर कमाल झाली. चहा आला, बिस्किटं आली, म्हात्रेकाकांनी घरच्या तांदळाचं भलंमोठं बोचकं विलासच्या खांद्यावर दिलं. वर सुकट, वर वाल.

"अहो, हे कशाला?"

"ऱ्हाऊ द्या बाय. साहेबांना सांगा, आमच्यावर नजर ऱ्हाऊ द्या. म्हंजे, नजर नको. माया ऱ्हाऊ द्या."

रिक्षात बसल्यावर मी म्हणाले, "घर घ्यायच्या आधीच एवढी माया! आपल्या नात्यात तरी आहे का?"

सासूबाई बाहेर बघत हसल्या. का हसल्या, तेही मला पुढे कळलं.

कॅम्पातली खोली विकली, फ्लॅट घेतला, उन्हाळ्यात टेम्पो भरला. टेम्पो इमारतीसमोर थांबला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण चुकीच्या गल्लीत आलो. तो 'रिकामा गाला' सताड उघडा होता आणि आत पिठाची गिरणी गरगरत होती. गच्चीवर 'पान्याची टाकी' दणादण वाजत होती. म्हात्रेकाकांच्या पुतण्यांची बँजो पार्टी, लग्नसराईचा सराव चालला होता. घराघरातून मोटारी पाणी ओढत होत्या, आणि पोपट पापडवाल्या बाईंच्या आवाजात भाडेकरूंना शिव्या देत होता.

मला पाहताच सगळं पुन्हा थांबलं. म्हात्रेकाका पीठ झटकत धावत आले.

"बाय, परत आल्याव? साहेब कंय हायत? आणि यो सामान?"

"आम्ही राहायला आलोय."

"ऱ्हायला?" त्यांनी टेम्पोतल्या गाद्या पाहिल्या, शिलाई मशीन पाहिलं, बादल्या पाहिल्या. "पालिका सामान उचलून नेते ते मना ठावं हाय. सामान आणून टाकनारी पालिका मी पयल्यांदाच बगतंय!"

"पालिका? कसली पालिका?"

 मग काकांच्या डोक्यात उजेड पडला आणि त्यापाठोपाठ माझ्या.

"म्हंजे तुमी नगरपालिकेच्या नाय?"

"नाही!"

"साहेब?"

"ते मशीनवर काम करतात. अंबरनाथला."

काका हळूहळू खाली बसले. "मंग माजं तांदूल?"

"खाल्ले."

"सुकट?"

"तीही."

मागून सासूबाई टेम्पोतून उतरत म्हणाल्या, "वाल पण छान शिजले हो, भाऊ."

मी त्यांच्याकडे वळले. "आई! तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी. त्या ओट्यावरच्या बाईंनी सगळं सांगितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलू दिलंस? तुझ्या यादीत माझा नंबर आलाच नाही." त्या पदर खोचत म्हणाल्या, "आणि मला काय, विहार जवळ, माणसं बोलकी, गिरणी घराखाली! सोन्यासारखी वस्ती निवडलीस."

त्या रात्री हे रात्रपाळीला गेले. सकाळी परत येणार आणि गिरणीच्या वर, बँजोच्या खाली झोपणार. मला त्यांची बोटं दिसायला लागली, एकेक. ते आले, चहा प्यायले आणि आडवे झाले. खाली गिरणी सुरू झाली. फरशी थरथरली, कपाटातले कप किणकिणले. मी तडक खाली गेले.

"काका, हात जोडते! ते झोपलेत. गिरणी बंद करा!"

काका भला माणूस. तांदूळ विसरून त्यांनी खटका ओढला. गिरणी मंदावत थांबली. आणि वरून हाक आली.

"अगं! काय झालं? कोण गेलं?"

मी धावत वर गेले. हे गादीवर ताठ बसलेले. "किती दिवसांनी गाढ झोप लागली होती! पाळण्यात घातल्यासारखं हलत होतं. एकदम बंद का झालं?"

मी परत खाली. "काका, चालू करा."

"आता दलायला काय नाय, बाय. डबे सगले झाले."

"माझं दळा!"

तेव्हापासून रात्रपाळीच्या आठवड्यात आमच्याकडे दळण काढलं जातं. गहू, तांदूळ, ज्वारी, नाचणी, हरभरा झालं; एकदा घाईत सासूबाईंचे वालही गेले. आमच्या घरात डबा उघडा, पीठ. पाहुण्यांना चहाबरोबर पीठ बांधून देते. ह्यांचं वजन वाढलं, डोळ्यांतली लाली गेली, आणि फोरमनने विचारलं म्हणे, "काय हो, बायको गावाला गेली का?"

तर शांत वस्तीचा हेतू पूर्ण झाला आहे, असं मी लिहायला हरकत नाही. प्रश्न फक्त दिवसपाळीच्या आठवड्यांचा आहे. तेव्हा हे रात्री झोपतात, आणि रात्री गिरणी बंद. मग उशाला शिलाई मशीन ठेवून पायडल मारायला मी बसते. वस्तीतल्या सगळ्यांचे ब्लाऊज, परकर, उशांचे अभ्रे शिवून झाले. ह्यांचा डोळा लागला की मी हळूच पाय उचलते, मी पाय उचलला की हे विचारतात, "अगं, काय झालं?"

घर लागलं, सामान लागलं, पाणी लागलं, ह्यांना झोप लागली. यादीतल्या सगळ्या कामांवर बरोबरची खूण आहे. एकच काम तेवढं राहिलं आहे: मी झोपणे.