नळीला लावलेलं कुंकू

झेंडू आणि गोडेतेलाचा वास एकत्र आला की मला राजूरजवळच्या शेतातलं एक घर आठवतं. तेव्हा मी खेड्यांतल्या परवान्याच्या बंदुकांवर संशोधन करत होते आणि बंदुकीनं माणूस गेलेल्या घरांत जाऊन कसं घडलं ते विचारत होते. ओसरीत कापसाचा ढीग होता आणि भिंतीवरची खुंटी रिकामी होती, कारण बंदूक पोलिसांनी नेली होती. त्या घरातली आई कापूस निवडता निवडता सांगू लागली, "रानडुकरांसाठी घेतल्ती, ताई. खंडेनवमीला इळे-कुऱ्हाडी मांडल्या, मंग बंदूकबी गोडेतेलानं पुसून, झेंडूचा हार घालून मांडली. रिकामं हत्यार पुजू न्हाई, असं सासरे म्हनायचे, म्हून भरलेलीच ठेवली. पोरगी नळीला कुंकू लावून राह्यलती. मीच म्हनले, बराबर लाव, पार टोकापर्यंत लाव. ती वाकली, अन् बंदूक पाटावरून घसरून उडाली." ती कापसातला पाचोळा काढत राहिली. मी उठले तेव्हा तिनं विचारलं, "तुमच्या पुस्तकात तिचं नाव येईल का?" अशा अभ्यासात कुणाचंच नाव देत नाहीत, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग एवढं तरी लिहा, तिनं कुंकू लई सुबक लावलं होतं." माझ्या प्रबंधात ते वाक्य कुठंच बसलं नाही. आज खंडेनवमीच्या सकाळी माझी लेक कुंकवाचं बोट घेऊन स्कूटरपुढं वाकली, आणि मी तिचा हात धरला तो कितीतरी वेळ सोडलाच नाही.